खोलीतला आठवा माणूस

तात्या,

तुम्ही गेल्याचं आपल्या खोलीतल्या इब्राहिमने फोनवर सांगितलं, आणि त्यानंतर दहा मिनिटांच्या आत मी पुन्हा एकदा खोटं बोललो. तुमच्याबद्दलच. इब्राहिमचा फोन ठेवतो न ठेवतो तोच केतकर बाईंचा आला, शुक्रवारी जेवायला या म्हणून. "आवाज असा का येतोय रे तुझा?" म्हणाल्या. मी म्हटलं, ओळखीचे एक गृहस्थ वारले. "कोण? मला माहीत आहेत का?" आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "नाही, नाही. तुम्ही नाही ओळखत."

ओळखतात की, तात्या. तुमच्या हातचा चहा पिऊन गेल्यात त्या. दोन घोटांत कप रिकामा केला आणि वर म्हणाल्या होत्या, आलं काय छान लागलंय हो. तुम्ही शवागारात आडवे पडलात तरी मला तुमचं नाव घ्यायची लाज वाटली. आता मला लाजेची लाज वाटते आहे, आणि ती कुणापुढे काढावी कळत नाही म्हणून तुमच्यापुढेच काढतो. तुम्ही तरी काय, "जेवलास का?" एवढंच विचाराल.

सगळं तुमच्यापासून सुरू झालं हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. शारजातल्या रोल्याच्या मागच्या त्या जुन्या इमारतीत, चार डबल पलंगांच्या खोलीत, मला खालचा पलंग तुम्ही मिळवून दिलात. व्हिसाही तुमच्याच खटपटीने. कराडहून आलो तेव्हा मी बारावी पास आणि पुढे नापास असा अर्धवट प्राणी होतो. बांधकाम कंपनीच्या यार्डात स्टोअरकीपर झालो, पाइप मोजायचे आणि वहीत लिहायचे. तुम्ही एसीचे डक्ट बसवायच्या कामावर. एका संध्याकाळी तुम्ही पत्र्याची धूळ अंगावर तशीच घेऊन आलात आणि दारातूनच ओरडलात, "संज्या, आरं त्या कालेजात मोठी मोठी माणसं वह्या घिऊन येत्यात! सांजच्याला! केस पिकलेली बाई बी हुती एक. तू का न्हाई जात?"

ते शारजातलं संध्याकाळचं कम्युनिटी कॉलेज. तिथे तुम्ही डक्ट बसवत होतात. फॉर्मसुद्धा तुम्हीच आणलात, चार घड्या घालून, शर्टाच्या खिशात. संगणकाच्या वर्गाला जागा उरली नव्हती, अकाउंट्सची वेळ जमेना. उरलं समाजशास्त्र. मी नाक मुरडलं. तुम्ही विचारलंत, "त्यात काय शिकिवत्यात?"

"माणसं एकत्र कशी राहतात, त्याचा अभ्यास."

"हात्तिच्या! त्याला कालेजात कशाला जायाला पायजे? हितं आठ जण र्‍हातोय की आपण. बघ आनि लिव."

आपला वाद तिथून सुरू झाला. मी एखादा नवा शब्द शिकून यायचो आणि तुमच्यावर फेकायचो. एकदा सांगितलं, तात्या, समाजात थर असतात. तुम्ही पलंगाकडे बोट दाखवलंत, "असत्यात की. वरचा पलंग आनि खालचा पलंग. वरच्याला गार हवा, खालच्याला ढेकणं." सगळी खोली हसली. मीही हसलो, पण आतून चिडलो. पुस्तकातलं वाक्य कुणी पलंगावर आणून आपटलं की मला तेव्हा फार राग यायचा.

वर्ग रविवारी आणि मंगळवारी. आणि मंगळवारी खोलीत स्वयंपाकाची पाळी माझी. स्वयंपाकघराच्या दारावर खोक्याचा पुठ्ठा टांगलेला होता, त्यावर वार आणि नावं तुमच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेली. आठ माणसं आणि सात वार, म्हणून शुक्रवारी दोघे, कोंबडी असायची ना. पाळी चुकवणं म्हणजे खोलीत केवढा गुन्हा! साइटवर अपघात होऊन हाताला पट्टी बांधलेल्या माणसानेसुद्धा दुसऱ्या हाताने कांदे चिरलेले मी पाहिले आहेत. मी पाळी बदलून मागणार होतो, पण सगळ्यांचे वार सगळ्यांना सोयीचे पडले होते. तुम्ही म्हणालात, "मंगळवार माझ्याकडं. तू जा." मी म्हटलं, मग पुठ्ठ्यावर तुमचं नाव लिहा. तर म्हणालात, "नाव तुझंच र्‍हाऊ दे. शिकून झालं की तू करशील."

दोन वर्षं दर मंगळवारी तुम्ही दिवसभर शिडीवर उभं राहून आलात आणि माझ्या नावाने अख्खा मसूर शिजवलात. तुमचा स्वतःचा बुधवार वेगळाच. मी वर्गातून परत यायचो तेव्हा माझं ताट झाकलेलं असायचं आणि वर खुबूसच्या रोट्या ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या. मी पुस्तक उघडून जेवायचो. आमटी कशी झाली हेसुद्धा मी कधी सांगितलं नाही, तात्या.

आता केतकर बाई. तुम्ही पाहिलेली ती केस पिकलेली बाई म्हणजे त्याच. नवरा मोठा इंजिनिअर, मुलं परदेशात शिकायला गेलेली, घरात वेळ जाईना म्हणून आल्या. बाई मनाने फार चांगल्या, आणि तिथेच माझी पंचाईत झाली. वर्गातली बहुतेक मंडळी फॅमिलीवाली, बायकोपोरांसह फ्लॅटमध्ये राहणारी. पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, कुठे राहतोस? मी म्हटलं, रोल्याला, कंपनीचा फ्लॅट आहे. "अरे वाटेवरच आहे, सोडते की तुला." आणि मी त्यांना एका नव्या काचेच्या इमारतीपुढे गाडी थांबवायला लावली. आत शिरलो, वॉचमनला सलाम ठोकला, लिफ्टपर्यंत गेलो, आणि गाडी गेल्यावर मागच्या दाराने बाहेर पडून दोन गल्ल्या चालत आपल्या खोलीवर आलो. दोन वर्षं हेच. वॉचमन पठाण होता, बिचाऱ्याला वाटायचं मी कुणाच्या तरी घरी शिकवणीला येतो. एकदा त्याने मला खजूरसुद्धा दिले.

हे मी तुम्हाला हसवण्यासाठी सांगितलं असतं तर तुम्ही पोट धरून हसला असतात. पण सांगितलं नाही. तुम्हाला माहीत होतं का? मला वाटतं, होतं. एकदा तुम्ही आपलं सहज म्हणालात, "संज्या, तू हल्ली मोठ्या रस्त्यानं यायला लागलास, लांबनं पडत असंल न्हाई?" मी म्हटलं, चालायला बरं वाटतं. चोराच्या मनात चांदणं. तुम्ही लसूण सोलत राहिलात.

मग तो प्रकल्प आला. मॅथ्यू सर आमचे मास्तर, केरळचे, मऊ आवाजाचे. म्हणाले, परदेशी आलेले कामगार खोलीत कसे राहतात ते प्रत्यक्ष बघून लिहायचं आहे, कुणाच्या ओळखीची अशी खोली आहे का? कुणाचाच हात वर गेला नाही. फॅमिलीवाल्यांना कसली ओळख असणार? आणि माझा हात वर गेला. का गेला, तात्या? मार्कांसाठी गेला, सरांनी माझ्याकडे बघावं म्हणून गेला. आणि तोंडातून आलं, "माझ्या ओळखीची एक खोली आहे, सर."

माझ्या ओळखीची! दोन वर्षं जिथे माझी चड्डी वाळत होती ती माझ्या ओळखीची खोली!

गुरुवारी तुम्हाला सांगितलं, उद्या कॉलेजची माणसं येणार आहेत. तुम्ही इतके खूश झालात की कोंबडीला मसाला लावायचं टाकून फरशी पुसायला घेतलीत. इब्राहिमला म्हणालात, ती लुंगी काढ तिथनं, संज्याचं मास्तर येणार हायेत. मीही त्यांच्यातलाच एक होऊन येणार, हे पुढचं सांगायला मी तोंड उघडलं. तुम्ही चहासाठी नवे कप आणायला खाली निघाला होतात. मी तोंड मिटलं.

शुक्रवारी मी सकाळीच बाहेर पडलो आणि बाईंच्या गाडीतून परत आलो. सर, बाई, आणि वर्गातली आणखी दोघं. दारात सगळ्यांनी बूट काढले. मी काढले नाहीत, पाहुणा असल्यासारखा उभा राहिलो. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून दारात आलात, माझ्या बुटांकडे बघितलंत, आणि "आरं" म्हणायला तोंड उघडलंत. तेवढ्यात मी हात जोडले.

"नमस्कार काका. आम्ही कॉलेजमधून आलोय."

मी तुम्हाला कधी काका म्हटलं होतं? तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघत राहिलात. मी तुमच्या डोळ्यांत बघितलं नाही, शर्टाच्या गुंडीकडे बघितलं. मग तुमचा आवाज आला, साइटवर मुदीर, म्हणजे मोठा साहेब, आल्यावर काढता तसला, अदबीचा.

"या, या सायेब. बसा. तुमी बी बसा, सायेब."

तो दुसरा साहेब मी. आणि मी बसलो, तात्या. माझ्याच पलंगावर, कडेला, चादर चुरगळू नये अशा बेताने.

प्रश्नांची यादी माझ्या हातात होती. सर हिंदीत विचारत होते, मी लिहून घेत होतो, अडलं की बाई मराठीत समजावत होत्या. किती वर्षं झाली, घरी कोण, गावाला किती वर्षांनी जाता. तुमच्या मुलीचं लग्न तुम्ही व्हिडिओ कॅसेटवर बघितलंत हे मला माहीत होतं, मी तेव्हा शेजारीच बसलो होतो. तरी तुम्ही सांगत होतात आणि मी मान हलवत होतो, पहिल्यांदा ऐकल्यासारखी. इब्राहिम वरच्या पलंगावर पाय सोडून बसला होता. त्याचा अंगठा माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर होता आणि मला वाटत होतं, आता लाथ बसणार. बसायला हवी होती.

बाईंनी विचारलं, "खोलीत किती जण राहता?"

"आठ."

बाईंनी मोजलं. सात माणसं. "आठवे कुठे आहेत?"

तुम्ही म्हणालात, "आठवा भाईर गेलाय, बाई. शिकतोय त्यो. कालेजात जातोय. लई हुशार पोरगं हाय."

"अरे वा! कुठल्या कॉलेजात?"

"त्ये काय मला सांगता यायचं न्हाई. मी पडलो अडानी मानूस."

अडाणी! तुम्ही चौथी शिकलेले. गावाहून येणारं महिन्याचं वर्तमानपत्र सगळ्या खोलीला तुम्ही मोठ्याने वाचून दाखवत होतात, मरणाच्या जाहिरातींसकट. आणि मी यादीवर लिहिलं, शिक्षण : निरक्षर.

बाई म्हणाल्या, तुम्हीपण बसा ना हो, मघापासून उभे आहात. तुम्ही म्हणालात, सवय हाय, शिडीवर हुबाच असतो. तासभर तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून उभे राहिलात. तुम्ही आधीच करून ठेवलेला चहा आणायला इब्राहिमला पाठवलंत, त्याला जाऊ द्यायला जरा तिरके झालात आणि परत दाराला टेकलात. मला वाटलं, तात्या थकलेत. निघताना मी शेवटी वळून पाहिलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तुमच्या पाठीमागे तो पुठ्ठा होता. मंगळवार, संजय. बाईंना मराठी वाचता येत होतं.

मी तो काढून ठेवायला विसरलो होतो. माझं खोटं मला धड बोलताही आलं नाही, ते तुम्हाला पाठीवर घेऊन उभं राहावं लागलं.

मी त्यांच्याबरोबर निघून गेलो. त्या काचेच्या इमारतीपुढे उतरलो, मागच्या दाराने निघालो आणि मल्याळी कॅफेटेरियात बिनदुधाचा सुलेमानी चहा मागवून बसलो. तीन चहा झाले तरी उठवेना. संध्याकाळी परत आलो तर माझं ताट झाकलेलं होतं. कोंबडीची तंगडी माझ्यासाठी काढून ठेवलेली. इब्राहिम म्हणाला, "आपल्याच घरात पाव्हणा झालास काय रे? उद्या आमच्याकडून भाडं पण घेशील!" तुम्ही त्याच्यावर डाफरलात, "खलास. झालं त्ये झालं. प्वाराला जेवू दे." आणि माझ्याकडे वळून, "जेवलास का?"

तेव्हाच पाय धरायला हवे होते. दोन शब्द होते, तात्या, दोनच. चुकलं माझं. मी म्हटलं, "भूक नाही." आणि पांघरूण डोक्यावर ओढलं. तुम्ही शिव्या दिल्या असत्यात तर मी उलट बोललो असतो, भांडलो असतो, मग रडलोही असतो कदाचित. तुम्ही ताट परत झाकून ठेवलंत.

निबंध लिहायला बसलो तेव्हा अडचण आली. आठ जण लिहिलं की सर विचारणार, आठव्याची मुलाखत कुठे आहे? तो तर कॉलेजात जातो म्हणे, त्याला तर आधी भेटायला हवं. म्हणून मी लिहिलं, खोलीत सात पुरुष राहतात. पुढे लिहिलं की या माणसांना आपण कशाला मुकतो आहोत याची जाणीव नाही. सरांनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. म्हणाले, संजयचा तटस्थपणा बघा, जणू त्या खोलीशी त्याचं काही देणंघेणं नाही. टाळ्या वाजल्या. डोक्यावर तुम्ही बसवलेल्या डक्टमधून गार हवा येत होती आणि मला दरदरून घाम फुटला होता.

तुम्ही विचारायचात, "काय लिवलंस आमच्याबद्दल? वाच की."

"इंग्रजीत आहे, तात्या."

"मग मराठीत सांग."

"सांगतो, सवडीने."

तुम्ही तीनदा विचारलंत. मग सोडून दिलंत. आपला वाद तिथे तुटला तो तुटलाच. तुम्ही म्हणायचात, माणसाला बघायचं असलं तर त्याच्या पंगतीला बसावं लागतं. मी म्हणायचो, नाही तात्या, लांब उभं राहावं लागतं, तरच खरं दिसतं. आज मला म्हणायचंय की तुम्ही जिंकलात. पण हरल्याचं सांगायलासुद्धा समोर माणूस लागतो.

त्या निबंधाने माझं भलं केलं, हे सगळ्यांत वाईट. केतकर साहेबांनी शब्द टाकला आणि मला हमरिया फ्री झोनमधल्या एका ऑफिसात टेबलाची नोकरी लागली. खोली सोडली. जाताना तुम्ही माझी बॅग खालपर्यंत आणलीत. लग्न झालं, सुनीता आली, खरोखरचा फ्लॅट झाला. सुरुवातीला शुक्रवारी यायचो तुमच्याकडे. मग महिन्याने. मग ईदला. मग फोनवर, "येतो तात्या, इन्शाल्ला, पुढच्या शुक्रवारी." इथे इन्शाल्ला म्हटलं की कुणी वाट बघत नाही, पण तुम्ही बघायचात, असं इब्राहिम सांगतो.

आणि लेकीच्या बारशाचा दिवस. तो मी कालपर्यंत सुनीतालाही धड सांगितला नव्हता. तुम्हाला मी बोलावलं नव्हतं. इब्राहिमकडून कळलं आणि तुम्ही आपणहून आलात. बेल वाजली, दार केतकर बाईंनी उघडलं. मी हातात पेढ्यांचं ताट घेऊन हॉलमध्ये उभा होतो. तुम्ही बाईंना पाहिलंत, बाईंच्या खांद्यावरून मला पाहिलंत. मी काय करावं? ताट ठेवून पुढे यावं, पायाला हात लावावा, हे माझे तात्या म्हणावं. मी ताट धरून उभा राहिलो.

"एसी बघाया आलोय, बाई," तुम्ही म्हणालात.

हातात ना पाना, ना पक्कड. अंगात तोच इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. असा कोण एसी बघायला येतो? बाईंनी वाट दिली. तुम्ही खुर्ची ओढलीत, वर चढून एसीचं झाकण उघडलंत, फुंकर मारलीत, बंद केलंत. उतरताना पाळण्याकडे एकदा बघितलंत. "चांगला हाय. काय तक्रार न्हाई," म्हणालात, आणि निघून गेलात. पाणीसुद्धा विचारलं नाही तुम्हाला कुणी. दोन दिवसांनी सुनीता एसीवरची धूळ पुसत होती तेव्हा वर एक डबी सापडली. आत चांदीचे वाळे. "हे कुणी ठेवले इथे?" तिने विचारलं. मी म्हटलं, गावाकडच्या एकांनी पाठवलेत.

वाळे लेकीने घातले, वाजवले, लहान झाले तेव्हा काढून ठेवले. दिवसभर घरात छुमछुम चालायचं आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

परवा शवागारात मी ऑफिसचा टाय लावून आलो होतो. गडबडीत काढायचा राहिला. तुम्ही शिडीवरून उतरून खाली बसलात, छातीत दुखतंय म्हणालात आणि संपलात, असं इब्राहिमने सांगितलं. कागदपत्रांची धावपळ मी केली. पोलिस, वकिलात, विमान कंपनी, जिथे तिथे माझं इंग्रजी उपयोगी पडलं. एका फॉर्मवर रकाना होता, मयताशी नातं. माझं पेन थांबलं. इब्राहिम शेजारी उभा होता. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. म्हणाला, "लिहा, साहेब. सात माणसं राहायची ना खोलीत? लिहा, ओळखीचे."

त्याला निबंधातलं कसं कळलं म्हणता? माझ्या वर्गात एक केरळी पोरगी होती, तिचा नवरा आपल्या यार्डात, त्याच्याकडून. म्हणजे तुम्हालाही माहीत होतं. सात लिहिलेलं. निरक्षर लिहिलेलं. माहीत असून तुम्ही वाळे घेऊन आलात.

मी लिहिलं, रूममेट. अक्षर तुमच्या पुठ्ठ्यावरच्यासारखं मोठं आलं.

काल तुमची पेटी विमानात चढली. मुंबईला तुमचा मुलगा येणार आहे उतरवून घ्यायला. विमानतळावरून मी इब्राहिमबरोबर खोलीवर गेलो. पाच वर्षांनी दारात बूट काढले. तुमच्या पलंगावर चादर घडी करून ठेवलेली. दोघं-तिघं नवीन होते, नांदेडकडचे, सोलापूरकडचे. इब्राहिमने माझं नाव सांगितलं तसा त्यातला एक पटकन उठून उभा राहिला.

"संजय म्हणजे? मंगळवारचे?"

मला कळेना. त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं. पुठ्ठा नवा होता, जुना कधीच फाटला असेल. नावं बदललेली. अक्षर तुमचंच. मंगळवार, संजय.

"तात्याच करायचे मंगळवारी," तो पोरगा म्हणाला. "आम्ही म्हणायचो, तात्या, तुमचं नाव लिहा की. तर म्हणायचे, पाळी संज्याची हाय, शिकाया गेलाय, येईल. आम्हाला वाटायचं, मजा करतात."

तात्या, मी तिथेच फरशीवर बसलो आणि रडलो. ऑफिसच्या कपड्यांतला माणूस हमसून हमसून रडतोय बघून ती पोरं घाबरली. एकाने पाणी आणलं. इब्राहिमने माझ्या पाठीवर हात ठेवला, कितीतरी वर्षांनी त्याने मला "अरे" म्हटलं.

घरी आलो तर लेक दारात. "बाबा, हू डाइड?" तिला मांडीवर घेतलं, ते वाळे कपाटातून काढून तिच्या हातात दिले आणि सुनीतासमोर सगळं सांगितलं. पठाण वॉचमनपासून एसीपर्यंत. सुनीता उठून आत गेली. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, "त्या माणसाला मी घोटभर पाणी दिलं नाही हो." तिचा काय दोष, तात्या? तिच्या वाट्याला माझं पाप आलं. तिला माफ करा. माझं राहू द्या.

आज मंगळवार. ऑफिसला रजा टाकली आहे. मसूर भिजत घातलेत, तुमचा कांदा-लसूण मसाला इब्राहिमने डब्यात जपून ठेवला होता. मीठ किती टाकायचं ते माहीत नाही, दोन वर्षं खाऊनही विचारलं नव्हतं. बिघडली तर पोरं नावं ठेवतील, ठेवू देत.

खोलीवर जायच्या आधी केतकर बाईंना फोन केला. म्हटलं, "बाई, शुक्रवारी मी येत नाही. तुम्हीच आज जेवायला या. माझ्या खोलीवर."

"खोलीवर? कुठल्या खोलीवर?"

"तुम्हाला माहीत आहे. आल्याचा चहा प्यायला होतात तिथे. ते जे दाराला टेकून उभे होते ना, ते माझे तात्या. ते वारले. एसी बघायला आलेही तेच होते. आणि तो शिकणारा पोरगा मी."

बाई एवढंच म्हणाल्या,

"येते. येताना भाकरी करून आणते. किती जण आहात तुम्ही?"

"आठ," मी म्हटलं. "मला धरून."